फुटाला सूतभर

पुस्तकांना अजून कव्हरंही घातली नव्हती
तेव्हाच मगदूम बाई म्हणाल्या,
"नववी म्हणजे दहावीच.
फक्त निकाल पेपरात छापत नाहीत."

तिथून पुढं सगळं खऱ्यासारखं.
घटक चाचणीलासुद्धा पुरवणी, पुरवणीला दोरा,
दोऱ्याची गाठ बोर्डात चालेल अशी.
उत्तरपत्रिकेवर नाव घालायचं नाही.
मी सव्वीस, यास्मिन बागवान सत्तावीस.
डबा खातानाही ती म्हणायची,
"ए सव्वीस, खर्डा दे की जरा."

घरी केबल काढली.
तालमीतला सराव सुरू झाला की आई खिडकी लावून घ्यायची,
ढोल तरीही भिंतीतून यायचा,
आणि रासायनिक समीकरणं
त्याच ठेक्यावर पाठ व्हायची.
ती अजून तशीच येतात मला, ठेक्यासकट.

"पॅटर्न बदलणार आहे," बाई एकदा म्हणाल्या,
सगळा वर्ग गप्प.
मला आपलं वाटलं, बाबांना आता नवीन लाकूड लागणार.

बाबा उद्यमनगरात पॅटर्न करतात.
पंपाची बॉडी, चरकाचं चाक,
सगळं आधी सागवानात.
ते शिरोलीला जातं, वाळूत दाबतात,
अलगद उचलून घेतात,
आणि राहिलेल्या पोकळीत
लोखंड ओततात.
लाकूड परत येतं, कोपरे काळे झालेलं,
माळ्यावर जातं.
तयार पंप बाबांनी क्वचितच बघितलाय.

सहामाहीला माझी पट्टी हरवली.
बाबांच्या पेटीतली स्टीलची उचलली, गेले.
आठ सेंटिमीटरचा पाया, दोन कोन,
असा त्रिकोण आयुष्यात जमला नव्हता.
बाईंनी त्यावर स्वतःची पट्टी ठेवली.
चष्मा वर केला. परत ठेवली.
"मिलिमीटरभर जास्त आहे.
बोर्डात कोण ऐकून घेणार?"
दोन मार्क गेले.

संध्याकाळी बाबा हसले ते हसलेच,
भुसा झटकत, खोकला येईपर्यंत.
"अगं, ती पट्टी खोटी न्हवं.
लोखंड निवताना आकसतंय.
म्हणून हिच्यावरचा फूटच मोठा,
फुटाला सूतभर.
साचा नेमका केलास
तर माल बारका हुतोय."

मी विचारलं, मग सूतभर नेमकं कशासाठी ठेवलं
हे लाकडाला कळतं का?
"लाकडाला कशाला कळायला पाहिजे,"
म्हणाले, आणि चहा मागितला.

फेब्रुवारीच्या शेवटी शाळा केंद्र झाली.
दहावीला निरोप आम्हीच दिला,
पेढे आम्ही वाटले, रडल्या त्या,
भारती चौगुले तर माईकवर "आदरणीय"च्या पुढं जाईना.
दुसऱ्या दिवशी नववीच्या मुलींनी
बाकांवर नंबर टाकायचे होते.
बाईंच्या हातात यादी, आमच्या हातात खडू.
एक बाक, एक नंबर, खाडाखोड नको.

चौथ्या खोलीत तिसरा बाक माझा.
कर्कटकानं कोरलेलं बदक,
त्याच्या पोटात वर्षभराची शाई.
त्याच्यावर मला लिहायचा होता
कुणाचा तरी सहा आकडी नंबर,
पन्हाळ्याच्या बाजूनं पहाटेची एसटी धरून
ती येईल, इथं बसेल,
माझ्या बदकावर कोपर टेकवेल.
मला तिचं नाव माहीत नाही.
यादीत नाव नसतंच.

मी लिहिलं.
बाई मागं येऊन थांबल्या.
"एवढे मोठे आकडे कशाला गं, सव्वीस?
बाकाबाहेर चाललेत."

पुसू का, म्हटलं.

बाईंनी घड्याळ बघितलं,
यादीवर टिक केली.
"राहू देत," म्हणाल्या,
"पुढचा घे."